टाकीवरचे पंख

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघर रंगाचे डबे उघडतात आणि एरवी खुर्चीतून न हलणाऱ्या गृहस्थांच्या अंगी पराक्रम संचारतो. कोणी खिडकीचे गज रंगवतो, कोणी देवघरातल्या पाटाला लाल हात देतो. गेल्या वर्षी हा पराक्रम माझ्याही अंगात आला आणि मी रंगवायला काढली ती आमच्या अण्णांची मोटारसायकल. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली. गाडी मात्र आमच्या वर्सोव्याच्या घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती.

वर्सोव्यात लोखंड जपणे सोपे नाही. कोळीवाड्यात वलांडीवरचे बोंबील ज्या वाऱ्याने वाळतात, त्याच वाऱ्याने दाराच्या कड्या आणि सायकलींच्या तारा गंजून जातात. आमच्या गाडीचे चिखलपंखे असेच कागदासारखे झाले होते. टाकी तेवढी शाबूत राहिली. ती का राहिली हे मला नंतर कळले. तिच्यावर रंगाचे इतके थर होते की मिठाला पत्र्यापर्यंत पोचायला सत्तर वर्षेही पुरली नव्हती.

गाडी बीएसए कंपनीची, एम-२० जातीची. एकच सिलिंडर, ४९६ सीसीचे इंजिन आणि ताकद सुमारे तेरा घोड्यांची. आजच्या मुलांना हा आकडा सांगितला तर हसतात. पण ते तेरा घोडे सावकाश चालणारे आणि न थकणारे होते. घरातली कथा अशी की, अण्णांनी १९५२ साली ही गाडी फोर्टातल्या एका शोरूममधून कोरी करकरीत आणली. या कथेला आमच्या घरात पुराणाचे स्थान होते, कारण तिच्यावाचून आम्हा भावंडांचा जन्मच झाला नसता. आईचे वडील गिरगावात राहणारे. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली अंधेरीच्या पुढे गेली आणि वर्सोवा कागदोपत्री मुंबईत आले खरे. पण गिरगावकरांच्या लेखी अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला जग संपत होते. पोरीला माहेरी यायचे म्हटले तर ती कशी येणार, असा आजोबांचा सवाल होता. मध्यस्थाने सांगितले, "मुलाकडे स्वतःची नवी विलायती मोटारसायकल आहे." आजोबा गाडी बघून गेले. काळीभोर टाकी आणि तिच्या दोन्ही अंगांना पंख फुटलेली 'बीएसए' ही अक्षरे. १९५३ च्या वैशाखात लग्न झाले.

ते पंख मला लहानपणापासून ठाऊक. गाडी रात्री आपण झोपल्यावर उडत असणार अशी माझी पाचव्या वर्षापर्यंत खात्री होती. आणि त्या पंखांचा घात करणाराही मीच. १९७८ साली, कॉलेजात असताना, मी ती टाकी भडक लाल रंगवली आणि वर दोन चट्टेरीपट्टेरी चिकटचित्रे लावली. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आठ दिवस बसने प्रवास केला.

तर ते पाप धुण्याचा हा उद्योग. कोळीवाड्यातला एक रंगारी मदतीला आला. होड्यांवर नावे घालणे हा त्याचा खरा धंदा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आत प्रत्येकीला नवा रंग आणि नाव मिळायला हवे असते. दिवाळीच्या तोंडावर तो मोकळा असतो. आम्ही टाकी उतरवली, पेट्रोलचा वास जाईपर्यंत धुतली, पाण्याने भरून ठेवली (हे ज्यांनी केले नाही त्यांची भुवई बघून ओळखता येते) आणि वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायला बसलो.

जुना रंग असा घासला की त्याच्या कडा उतरत्या होतात आणि एकेक थर वलयासारखा उघडा पडतो. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी ती वलये. बाहेर माझा लाल. आत काळा, आणि त्यात पंखांचे सोनेरी-पांढरे अवशेष. त्याखाली वार्निशाचा पिवळट पापुद्रा आणि पुन्हा पंख! हे पंख वरच्या पंखांपासून गव्हाभर सरकलेले. चित्र छापतानाच दुहेरी उठले असावे असे मला वाटले. त्याच्याही खाली आणखी एक काळा थर, आणि मग जे अपेक्षित नव्हते ते: मळकट हिरवा रंग. त्या हिरव्यावर पुसट पांढरे काही होते. इंग्रजी 'सी' आणि पुढे आकडे.

रंगाऱ्याने ओला हात फिरवला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "काका, हा आकडा ब्रशचा नाय. साचा ठेवून मारलाय. आठाच्या पोटात बघा, जोड राहिलाय."

पत्र्याच्या साच्यातून आठ काढायचा तर त्याची दोन पोटे गळून पडू नयेत म्हणून मध्ये जोड ठेवावाच लागतो. होड्यांचे नोंदणी क्रमांक लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे न सांगता दिसते. मला मात्र त्या आकड्याचा अर्थ दिसला. ब्रिटिश लष्कराच्या प्रत्येक वाहनाला क्रमांक असे आणि मोटारसायकलींच्या क्रमांकाआधी 'सी' हे अक्षर असे. दुपारी मी इंजिनाच्या कुशीतले ग्रीस खरवडले. तिथे ठोकलेली अक्षरे 'डब्ल्यूएम २०' अशी निघाली. त्यातला 'डब्ल्यू' युद्धखात्याचा. अण्णांची कोरी करकरीत गाडी सैन्यातून उतरलेली होती.

आता या गाडीची कुळकथा थोडी सांगायला हवी. बीएसए या तीन अक्षरांचा विस्तार 'बर्मिंगहॅमची लहान शस्त्रांची कंपनी' असा आहे. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी ती १८६१ साली काढली. बंदुकांना मागणी नसेल तेव्हा यंत्रे रिकामी राहतात, म्हणून सायकली आल्या, आणि १९१० साली मोटारसायकल आली. कंपनीची निशाणी मात्र जुनीच राहिली: दस्ते जमिनीवर रोवून आणि तोंडे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. आपल्याकडे जिचे जास्त कौतुक आहे त्या रॉयल एनफील्डच्या निशाणीतही तोफ आहे. १९५५ पासून ती गाडी मद्रासला होऊ लागली आणि तोफ आपल्या अंगवळणी पडली. शांतताप्रिय माणसे मांडीखाली शस्त्रागार घेऊन भाजी आणायला जात होती, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या महायुद्धात बीएसएने सैन्यासाठी सुमारे एक लाख सव्वीस हजार एम-२० गाड्या बांधल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कंपनीच्या स्मॉल हीथ येथील कारखान्यावर जर्मन बाँब पडले आणि त्रेपन्न कामगार ठार झाले. तरी गाड्या निघत राहिल्या. निरोप पोचवायला, रस्ता दाखवायला आणि लष्करी गाड्यांच्या तांड्यापुढे धावायला त्या साम्राज्यभर गेल्या. या गाड्यांना सोनेरी थाट कसला असणार? शत्रूला दिसू नये म्हणून तर सगळा हिरवा-मातकट रंग. युद्ध संपले आणि शिल्लक माल विकायला निघाला. 'डिस्पोजल' हा शब्द त्या काळात मराठी झाला तो इथून. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचे तंबू, डिस्पोजलची घोंगडी. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासित राहायला आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. छावणीला नवे नाव मिळाले तसे गाड्यांनाही मिळाले, आणि गाडीला नवे नाव देण्याचा उपाय फार स्वस्त होता. बशीभर पाणी आणि एक कागद.

त्या कागदाला मेकॅनिक लोक 'ट्रान्स्फर' म्हणत. आता 'डेकल' म्हणतात. घरात बसून वाचणाऱ्या भगिनींना तो परका नाही. हल्ली उंबऱ्यावर लक्ष्मीची पावले तयार चिकटवतात ती त्याचीच धाकटी जात. आणि त्याचे थोरले घराणे आपल्या फडताळात आहे. इंग्लंडात कपबश्यांवर हाताने चित्रे काढणे परवडेना, तेव्हा कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून चित्र पातळ कागदावर उतरवायचे आणि कागद भांड्यावर दाबायचा, अशी युक्ती निघाली. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी २७ जुलै १७५६ रोजी सहा तासांत बाराशेहून अधिक फरश्यांवर चित्रे उठवली आणि तसे प्रतिज्ञेवर लिहून दिले. आजीच्या निळ्या-पांढऱ्या बशीवर जो पूल, जे झाड आणि जी दोन पाखरे असत, ती या कुळातली.

पुढे १७९६ च्या सुमारास बव्हेरियात अलॉइस झेनेफेल्डरने शिळाछाप शोधून काढला. प्रत्येक रंगाला एक दगड, आणि एकावर एक ठसे. मग रंगीत चित्रांचा पूर आला. आपल्याकडे तो पूर राजा रविवर्म्याच्या छापखान्याने आणला. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, काही काळ आमच्याच उपनगरांतल्या घाटकोपरला होता, आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या त्या दगडावरून. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर देवदेवता, हत्ती आणि वाघ यांची चकचकीत चित्रे चिकटवलेली येत. अक्षर न वाचता येणारे गिऱ्हाईक चित्र बघून माल ओळखी. 'अमुक छाप' हे आपल्या भाषेतले मोठे वजनदार विशेषण अशाच व्यवहारातून रुजले.

शिळाछापाचे चित्र डिंक चढवलेल्या कागदावर घेतले की ते दुसरीकडे उतरवता येते. १८६० नंतर इंग्लंड-अमेरिकेतल्या घरंदाज बायकांनी या चित्रांनी पेट्या, फुलदाण्या, पंखे असे हाताला येईल ते मढवून टाकले. त्या नादाचे जे फ्रेंच नाव पडले त्यात 'वेड' हा अर्थच बसलेला आहे. वेड ओसरले, पण कारखानदारांनी युक्ती उचलली. शिवणयंत्रे, सायकली आणि मग मोटारसायकली यांची नावे तिने लिहिली जाऊ लागली.

यात दोन जाती आहेत. एक पाण्याची. कागद कोमट पाण्यात सोडला की तो सुरळी होतो, मिनिटभराने उलगडतो, खालचा डिंक सुटतो आणि चित्र अंगठ्याने हलकेच सरकवले की कागदावरून टाकीवर येते. दुसरी वार्निशाची. हिच्यात चित्राच्या तोंडालाच वार्निश लावायचे, ते चिकटसर होईपर्यंत थांबायचे, चित्र पालथे दाबायचे आणि मग पाठीवरचा कागद भिजवून सोलून काढायचा. ही जात छापताना सगळे उलटे. सोनेरी कड आणि बारीक नक्षी आधी, पाठीचा रंग शेवटी. जुन्या वाड्यांतून काचेच्या मागून रंगवलेली देवादिकांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही कसरत कळेल. तिथेही डोळ्यातली बाहुली आधी काढावी लागते आणि आभाळ सर्वांत शेवटी.

चित्र सपाट, टाकी मात्र आडवी-उभी दोन्हीकडे वळलेली. त्यामुळे कडेला चुणी पडते. मधून बाहेर, मधून बाहेर असे ओल्या फडक्याने पाणी आणि हवा काढत जावे लागते. एवढे करून जे उरते ते कांद्याच्या पापुद्र्याहून जाड नसते. आणि त्याचा वैरी तर टाकीच्या पोटातच भरलेला. झाकणाशी पेट्रोल सांडले की रंग फुगतो, नाव सुरकुतते. म्हणून वर पारदर्शक थर द्यायचा.

असो. संध्याकाळी मी आईसमोर जाऊन बसलो. ती नव्वदीच्या पुढची आहे. ऐकू कमी येते, पण नको ते बरोबर ऐकू येते. सत्तर वर्षांचे पुराण मोडायचे म्हणजे शब्द जपून वापरायला हवे होते.

"आई, अण्णांची गाडी... म्हणजे ती अगदी नवीच होती असं नाही."

"नव्हतीच मुळी," आई वाती वळता वळता म्हणाली. "कल्याणकडच्या डिस्पोजलवाल्याकडची होती."

मी बघतच राहिलो.

"लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडून रंग फुगला होता. मी फडक्यानं पुसायला गेले तर पंखाचा तुकडा फडक्याला आला आणि खाली हिरवं. हे दारात उभे, चोरासारखे. आणि बाबा रविवारी जेवायला यायचे होते!"

"मग?"

"मग काय? म्हटलं, आधी ते झाका. हे फोर्टात जाऊन नवीन पंख घेऊन आले. खालचं खरवडायला वेळ कुठे होता? वार्निश मारलं, काळा हात फिरवला आणि त्यावरच लावलं. मी बशी धरली होती. ते जरा सरकलं बघ. मी हसत होते ना."

गव्हाभर सरकलेले ते पंख म्हणजे छपाईचा दोष नव्हता. एकोणीस वर्षांच्या मुलीला हसू आवरले नव्हते, त्याची ती खूण होती. आजोबा त्या रविवारी जेवून गेले. १९७१ साली वारले, तोवर त्यांनी जावयाच्या नव्या गाडीचे कौतुक गिरगावभर केले.

घरात आता वाद सुरू झाला. माझा मुलगा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना जातो. त्याचे म्हणणे, "बाबा, खरी गाडी म्हणजे लष्करी हिरवी. साचा करून आकडा पुन्हा मारू. पंख खोटे आहेत." त्याचे सगळे चूक होते असे नाही. त्या आकड्यामागे कोणीतरी स्वार होता, तो कुठल्या रस्त्याने गेला, परत आला की नाही, हे कळायला मार्ग नाही; आणि त्याचा मागमूस आम्ही दोनदा रंग फासून पुसला होता. पंख निव्वळ थाप म्हणून लावले होते, हेही खरे.

मी संध्याकाळी जेट्टीवर गेलो. खाडीपलीकडे मढच्या टोकाला वर्सोव्याचा किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला. त्यातला खरा किल्ला कोणाचा म्हणायचा? बीएसए या नावाचेच बघा ना. मूळ कंपनीने सायकलींचा धंदा १९५७ साली विकला, मोटारसायकलींचा धंदा १९७० नंतर दोन-तीन वर्षांत बुडाला. पण मद्रासकडे होणाऱ्या सायकलींवर हे नाव राहिले आणि आपल्या दोन पिढ्या बीएसए म्हणजे शाळेत जायची सायकल असेच समजत वाढल्या. २०१६ मध्ये मोटारसायकलीचे नाव महिंद्र समूहाशी निगडित असलेल्या एका कंपनीने विकत घेतले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या नावाची नवी गाडी भारतात आली. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांची ही तीन अक्षरे आता हिंदी मालकाची आहेत. एखाद्या वस्तूवरची सर्वांत पातळ गोष्ट सर्वांत दूर जाते, असे त्यातून दिसते खरे. पण मला त्या वेळी एवढेच सुचले की, गाडी सैन्यात असेल फार तर पाच-सहा वर्षे. आमच्याकडे सत्तर आहे.

काळा रंग ठरला. मुलाला मी एक सवलत दिली: डाव्या बाजूचा हिरवा थर पत्र्याला घट्ट धरून होता, तो खरवडायचा नाही. आकडा बटरपेपरवर उतरवून घेतला आणि त्यावर अस्तर दिले. आकडा अजून तिथेच आहे.

नवे पंख कोपऱ्यावरच्या रेडियमच्या दुकानात तासाभरात कापून मिळाले असते. पण ते जाड, आणि कडेला बोट लागते. इंग्लंडात जुन्या गाड्यांसाठी पाण्याची चित्रे अजून छापतात, ती मागवली. दोन जोड मागवले हे नशीब. पहिला जोड मी घाईने घालवला. चित्र लावले त्याच संध्याकाळी वर पारदर्शक रंगाचा जाड हात दिला. त्यातल्या थिनरने खालचा डिंक आणि शाई दोन्ही सैल केली आणि माझ्या डोळ्यांदेखत पंख तळणीत टाकलेल्या पापडासारखे वळले. रंगारी म्हणाला, "काका, होडीला बी एक दिस सुकू देतो आम्ही." त्याचे आणखी एक म्हणणे होते की, हवेत ओल असेपर्यंत हा रंग मारूच नये, त्यावर दूध सांडल्यासारखा पांढुरका धूर धरतो. म्हणून दसरा जाऊ दिला. ऑक्टोबरचे कडक ऊन पडले, वारा फिरला, आणि वसुबारसेच्या सकाळी आम्ही पुन्हा बसलो.

बशी आईने धरली. तिचे हात हल्ली कापतात, म्हणून बशीखाली पाट ठेवला. कागद सुरळी झाला, उलगडला. उजवी बाजू चांगली बसली. डाव्या बाजूला माझे बोट लागले की आणखी काय झाले कोणास ठाऊक, पंख केसभर वर गेले. ओले आहे तोवर सरकवता येईल, असे म्हणत रंगाऱ्याने पाणी मागितले. पण तोवर आईने बशी धुऊन पालथी घातली होती.